केलं नसतं तर काय झालं असतं?

गेल्या अंकात मी एक साधी गोष्ट मांडली होती. गरिबी, कुपोषण, शाळागळती, व्यसन, गुन्हेगारी अशा प्रश्नांवर जी धोरणं आखली जातात, त्यांचा खरोखर परिणाम होतो का हे तपासायला हवं. आणि ते तपासायचं तर योजना न मिळालेल्या, पण बाकी सगळ्या बाबतींत सारख्या असलेल्या लोकांशी तुलना करायला हवी. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषयच घेतलेला नाही. काही पत्रांत राग आहे, आणि तो राग मला समजतो. योजनांच्या मूल्यमापनाच्या कामात मी तीस वर्षांहून जास्त काळ आहे. सुरुवात प्रश्नावलीचे गठ्ठे घेऊन दारोदार फिरण्यापासून झाली. म्हणून खालच्या उत्तरांत वाचलेलं जितकं आहे, तितकंच पायांनी शिकलेलंही आहे.

प्रश्न : ताई, मी एका सरकारी खात्यात आहे. आमच्याकडे अडचणीतल्या मुलांना मार्गदर्शन करण्याची योजना आहे. दर तिमाहीला पालकांचे अभिप्राय घेतो. जवळपास सगळे समाधानी असतात. मुलं आनंदाने येतात. उद्दिष्ट दर वर्षी शंभर टक्के पूर्ण होतं. तरी तुमच्या मते हा पुरावा नाही. मग लोकांच्या सांगण्याला काहीच किंमत नाही का?
— एक अधिकारी (विनंतीवरून नाव छापलेलं नाही)

उत्तर : किंमत आहे, फार मोठी आहे. फक्त ते सांगणं कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते नीट पाहू या. तुमची माणसं वेळेवर येतात का, मुलाशी नीट बोलतात का, मुलाला तिथे जावंसं वाटतं का, हे पालकांइतकं दुसरं कोणी सांगू शकणार नाही. पण योजना नसती तर हे मूल आज कुठे असतं, हे पालकांनाही सांगता येत नाही. तो दुसरा रस्ता कोणीच चालून पाहिलेला नसतो.

तुमच्याच योजनेसारखं एक जुनं उदाहरण सांगते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि सॉमरव्हिल ही शेजारशेजारची शहरं आहेत. मुलांनी गुन्हेगारीकडे वळू नये म्हणून रिचर्ड कॅबट या डॉक्टरांनी १९३० च्या दशकात तिथे एक कार्यक्रम आखला. वय, घरची परिस्थिती, स्वभाव असं बरंच काही पाहून मुलांच्या जोड्या लावल्या. मग नाणं उडवून जोडीतल्या एकाला कार्यक्रमात घेतलं, दुसऱ्याला घेतलं नाही. १९३९ मध्ये काम सुरू झालं आणि एकेका मुलासाठी सरासरी साडेपाच वर्षं चाललं. समुपदेशक महिन्यातून साधारण दोनदा घरी जायचे. अभ्यासात मदत, औषधोपचार, उन्हाळी शिबिरं, सगळं होतं. मनापासून केलेलं काम होतं ते.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने ती मुलं, म्हणजे आता मध्यम वयाची झालेली माणसं, शोधून काढली. दोन्ही बाजूंना २५३, असे एकूण ५०६ जण. कार्यक्रमातल्या ज्यांनी प्रश्नावली भरून दिली, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांनी सांगितलं की आपल्याला त्याचा उपयोग झाला. काहींनी आपल्या समुपदेशकाची आठवण प्रेमाने काढली. तुमच्या तिमाही अभिप्रायासारखंच आहे हे. पण दोन्ही गट शेजारी ठेवल्यावर दिसलं की गुन्हे कमी झालेलेच नाहीत. उलट एकदा गुन्हा केल्यावर पुन्हा गुन्हा करणं, दारूच्या आहारी गेल्याच्या खुणा, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू, या गोष्टी कार्यक्रमात घेतलेल्यांमध्ये जास्त होत्या. हे निष्कर्ष १९७८ साली प्रसिद्ध झाले.

असं का झालं, याचा शोध मॅकॉर्ड आणि त्यांचे सहकारी पुढेही घेत राहिले. नुकसान प्रामुख्याने एकाहून जास्त वेळा उन्हाळी शिबिरांना गेलेल्या मुलांत दिसलं. वांडपणाकडे झुकलेली मुलं एका ठिकाणी राहिली की एकमेकांच्या उचापतींना दाद देतात आणि त्यातूनच शिकतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटू शकले नव्हते. त्या समुपदेशकांपैकी कोणाचंच काही चुकलं नव्हतं. नाणं उडवलेलं नसतं, तर तो कार्यक्रम यशस्वी म्हणूनच नोंदला गेला असता आणि त्याच्या कितीतरी नकला निघाल्या असत्या.

आता अभिप्रायाबद्दल. सर्वेक्षणाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एका बाईंनी सगळ्या प्रश्नांना ‘चांगलं आहे, चांगलं आहे’ अशी उत्तरं दिली. मी पेनाला टोपण लावलं, वही पिशवीत टाकली, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, ‘तुम्ही त्यांच्याकडूनच आलात ना? उद्या मला परत त्यांच्याच दारात जायचंय.’ मी योजनेच्याच गाडीतून उतरले होते. योजनेचं नाव गाडीवर मोठ्या अक्षरांत होतं. त्यानंतर अनेक वर्षं मी माझ्या हाताखालच्या मुलामुलींना सांगत आले की योजना राबवणाऱ्यांच्या गाडीतून जायचं नाही, त्यांचा माणूस बरोबर न्यायचा नाही, आणि शेवटचा प्रश्न वही मिटल्यावर विचारायचा.

तुमचं ‘उद्दिष्ट शंभर टक्के’ हे तुम्ही किती केलं त्याचं मोजमाप आहे. त्यातून मुलांचं काय झालं ते कळत नाही. आणि एखाद्या आकड्यावर बढत्या-बदल्या ठरू लागल्या की तो आकडाच वाकायला लागतो. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे इतकं नेमकं मांडलं की तो नियम आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. तुम्हाला हातातलं काही करायचं असेल तर एवढं करा : तुमच्याकडे अर्ज जास्त आणि जागा कमी असतील, तर यंदा ज्यांना जागा मिळाली नाही त्या मुलांचीही नोंद ठेवा. नाव, वय, शाळेतली हजेरी, एवढीच, आणि पहिल्या दिवसापासून. आज ती नोंद ठेवली नाही तर दोन वर्षांनी कितीही मोठा तज्ज्ञ बोलावला तरी त्याला ती मागे जाऊन गोळा करता येणार नाही.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. ‘संशोधनाने सिद्ध झालं आहे’ असं सांगून आमच्यावर दर दोन वर्षांनी काहीतरी नवं येतं. लहान वर्ग, नवी पुस्तकं, नवी पद्धत. कागदावर सिद्ध झालेलं आमच्या वर्गात मात्र चालत नाही. मग चूक संशोधनाची की आमची?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमच्या प्रश्नातला थकवा मला ऐकू येतो. चूक बहुतेक वेळा दोघांच्या मधल्या जागेत असते.

लहान वर्गाचंच घ्या. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ७९ शाळांमधल्या सुमारे ११,६०० मुलांवर एक प्रयोग झाला. बालवर्गापासून तिसरीपर्यंत मुलांना आणि शिक्षकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या वर्गांत वाटलं. काही वर्ग १३ ते १७ मुलांचे, काही २२ ते २५ चे, आणि काही तेवढेच मोठे पण शिक्षकाच्या मदतीला एक साहाय्यक असलेले. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात स्पष्टपणे पुढे गेली. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना फायदा अधिक झाला. साहाय्यकाने फारसा फरक पडला नाही. इतका नेटका प्रयोग शिक्षणात क्वचित होतो.

मग १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने पहिल्या काही इयत्तांचे वर्ग वीस मुलांवर आणायचं ठरवलं. संपूर्ण राज्यात, आणि निर्णयानंतर काही आठवड्यांतच. आता शिक्षिका म्हणून तुम्हीच विचार करा, एवढ्या वर्गांना शिक्षक आणि खोल्या कुठून आणायच्या? पूर्ण पात्रता नसलेले हजारो शिक्षक घ्यावे लागले. ग्रंथालयं, संगीताच्या खोल्या वर्ग म्हणून वापरल्या गेल्या. बऱ्या वस्त्यांतल्या शाळांत नव्या जागा निघाल्या तशा गरीब वस्त्यांतल्या शाळांमधले अनुभवी शिक्षक तिकडे गेले, आणि अपात्र शिक्षक सर्वांत जास्त तिथेच उरले जिथे चांगल्याची गरज सर्वांत मोठी होती. टेनेसीत दिसला तसा फायदा तिथे ठामपणे दाखवता आला नाही. आणि सगळ्यांना एकदमच लागू केल्यामुळे तुलनेला धड कोणी उरलंही नव्हतं.

कॅलिफोर्नियाने टेनेसीचा निष्कर्ष उचलला, पण टेनेसीच्या त्या लहान वर्गांत पात्र शिक्षक उभे होते, ही गोष्ट मागेच राहिली.

केनियातली दोन उदाहरणं मला यापेक्षाही जवळची वाटतात. पहिलं, १९९० च्या दशकात काही ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तकं पुरवली गेली. पुस्तक नाही म्हणून मूल शिकत नाही, हे कोणालाही पटेल. पण सरासरी मुलाच्या गुणांत काही फरक पडला नाही. जी मुलं आधीच हुशार होती तेवढीच पुढे गेली. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि तिथल्या बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा. त्यांना ती वाचताच येत नव्हती. दुसरं, कंत्राटी शिक्षक नेमण्याचा प्रयोग. एका स्वयंसेवी संस्थेने राबवला तिथे मुलांचे गुण वाढले. सरकारने तोच कार्यक्रम राबवला तिथे परिणाम शून्य. पगार रखडले, देखरेख सैल पडली. कार्यक्रमाचं नाव एकच होतं, राबवणारे हात वेगळे होते.

म्हणून तुमच्याकडे पुढचं परिपत्रक येईल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा : हे जिथे चाललं तिथे ते कशामुळे चाललं? उत्तर द्यायला कोणी तयार नसेल, तर शंका घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

चाललेलंही सांगते, नाहीतर पत्र मिटून तुम्ही निराश व्हाल. मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता त्यांना जेवढं येतं त्या पातळीप्रमाणे दिवसातला काही वेळ शिकवायचं, ही पद्धत ‘प्रथम’ संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला मुंबई आणि वडोदऱ्यात वापरली, आणि तिचा फायदा तुलना करून मोजला गेला. पुढे सरकारी शाळांत नेताना नुसतं साहित्य आणि प्रशिक्षण देऊन पाहिलं, तर नेहमीच्या तासांत शिक्षकांनी ते वापरलंच नाही. अभ्यासक्रम पुरा करायचा दबाव होता. हरियाणात त्यासाठी रोजचा स्वतंत्र तास राखून ठेवला, मुलांना त्या तासापुरतं पातळीप्रमाणे बसवलं, देखरेख करणाऱ्यांनाही ती पद्धत शिकवली, तेव्हा भाषेत प्रगती दिसली. हा राखीव तास कोणाच्या भाषणात येत नाही. पण सगळं त्याच्यावर अवलंबून होतं. अशा गोष्टी वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाला संशोधकाच्या आधी कळतात, म्हणून तुमच्यासारख्यांनी लिहायला हवं. ‘चालत नाही’ एवढंच नको; कितव्या मिनिटाला, कोणत्या मुलापाशी, कशामुळे अडतं ते लिहा.

प्रश्न : ताई, मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. तुम्ही चिठ्ठ्या टाकून तुलना करायचं समर्थन करता. पण गरजू माणसांपैकी अर्ध्यांना मदत द्यायची आणि अर्ध्यांना नुसतं मोजत बसायचं, हे मला क्रूर वाटतं. माणसं म्हणजे प्रयोगशाळेतली जनावरं आहेत का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुला असं वाटतंय याचा मला आनंद आहे. ज्या दिवशी असं वाटणं थांबेल, त्या दिवशी हे काम सोडायचं.

तुझी भीती निराधार नाही. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून त्यांचा आजार कसा वाढतो ते पाहिलं गेलं. पेनिसिलिनने तो बरा होतो हे कळल्यावरही त्यांना ते दिलं नाही, आणि खरं काय चाललंय हेही सांगितलं नाही. आज माणसांवरच्या संशोधनाला संमतीचे आणि नीतिमत्तेचे जे नियम लागू आहेत, त्यांतले बरेच या संतापातून जन्मले. तेव्हा पहिली गोष्ट : उपाय लागू पडतो हे माहीत आहे आणि तो सगळ्यांना देण्याइतका हाताशीही आहे, तिथे कोणालाही वंचित ठेवून तुलना करणं हा अपराध आहे. तिथे मी तुझ्या बाजूने उभी राहीन.

पण बहुतेक सामाजिक योजनांत परिस्थिती अशी नसते. उपाय चालतो की नाही हे माहीत नसतं, आणि पहिल्या वर्षी सगळ्यांना पुरेल इतका पैसाही नसतो. कोणाला तरी थांबावं लागणारच असतं. प्रश्न एवढाच उरतो की कोण थांबणार हे कसं ठरवायचं. ओळखीने? पुढाऱ्याच्या यादीने? जो रांगेत आधी पोचला त्याने? की सगळ्यांसमोर टाकलेल्या चिठ्ठीने?

मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ नावाची योजना सुरू केली. मुलं शाळेत जातील आणि कुटुंब दवाखान्यात तपासणीला येईल, या अटीवर आईच्या हातात पैसे द्यायचे. अर्थखात्यातले सान्तियागो लेव्ही हे अर्थतज्ज्ञ तिच्या मागे होते. एकदम देशभर सुरू करणं शक्य नव्हतंच. तेव्हा मूल्यमापनासाठी ५०६ गावं निवडली. ३२० गावांत आधी सुरुवात केली आणि १८६ गावांना सुमारे दीड-दोन वर्षांनी आत घेतलं. कोणती गावं आधी, हे नशिबावर सोडलं. कायमचं वगळलं कोणालाच नाही. त्या दीड-दोन वर्षांच्या फरकातून कळलं की माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलांची, विशेषतः मुलींची, संख्या वाढते.

या पुराव्याचं पुढे काय झालं तेही ऐक. मेक्सिकोत नवं सरकार आलं की आधीच्या सरकारची गरिबी हटवण्याची योजना गुंडाळायची रीत होती. २००० साली तर सात दशकं सत्तेवर असलेला पक्षच हरला. तरी ही योजना टिकली. नाव बदललं, आणि ती शहरांपर्यंतही पोचली. अनेक देशांनी ती आपापल्या पद्धतीने घेतली. मेक्सिकोत ती अखेर २०१९ मध्ये बंद झाली. म्हणजे पुरावा असला की योजना अमर होते असं नाही. पण दोन दशकं ती ज्या मुलींपर्यंत पोचली, त्यांच्यापर्यंत ती पुराव्याशिवाय पोचली असती असं मला वाटत नाही.

आणि एक उलटा विचार करून बघ. केंब्रिज-सॉमरव्हिलचं उदाहरण वर दिलं आहे. तिथे नाणं ज्यांच्या विरुद्ध पडलं, ती मुलं नशीबवान ठरली. न तपासलेला उपाय हजारो लोकांवर एकदम लागू करणं हासुद्धा प्रयोगच असतो. फक्त त्यात कोणी नोंद ठेवत नाही, संमती घेत नाही, आणि चुकलं तर कळतही नाही. त्या क्रूरपणाबद्दल आपण फार कमी बोलतो.

प्रश्न : ‘अमुक योजनेमुळे तमुक समस्या निम्म्यावर’ अशा बातम्यांवर विश्वास कधी ठेवायचा? थोडक्यात सांगा.
— एक निवृत्त वाचक

उत्तर : काका, थोडक्यातच सांगते. बातमीत फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’चे आकडे असतील तर थांबा. जिथे योजना नव्हती तिथेही तेवढाच फरक पडला असेल का, हे त्या बातमीला विचारा. दुसरं, योजना बहुधा जिथे समस्या सर्वांत वाईट असते तिथे आणि तेव्हा सुरू होते. फार वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेकदा आपोआपच थोडं बरं असतं. तिसरं, मोजणारा आणि राबवणारा एकच आहे का ते पाहा. आणि एकाच अभ्यासाची बातमी असेल तर सबुरी ठेवा. १९९३ पासून वैद्यकात ‘कोक्रेन’ आणि २००० पासून सामाजिक विषयांत ‘कॅम्पबेल’ या संस्थांचं जाळं एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासून अहवाल काढतं. कॅम्पबेल म्हणजे पहिल्या उत्तरात आलेलेच ते गृहस्थ.

प्रश्न : आमच्या छोट्या संस्थेने तीन वर्षं खपून एका योजनेचा अभ्यास केला. शंभराहून जास्त पानांचा अहवाल संबंधित खात्याला दिला. वर्ष झालं, पोच सोडून काही आलं नाही. संशोधन करून उपयोग काय?
— एका संस्थेतली कार्यकर्ती

उत्तर : ताई, असा एक अहवाल माझ्याही कपाटात आहे. त्यावर आम्ही जीव ओतला होता. एका योजनेचा काहीच परिणाम दिसत नाही, असं त्यात सिद्ध झालं होतं. तो देताना संबंधित अधिकाऱ्याने पानं चाळली आणि अगदी मनापासून म्हटलं, ‘बाई, हे चार महिने आधी आणलं असतंत तर? पुढच्या तीन वर्षांची तरतूद होऊन गेली.’ त्या माणसाला तो अहवाल हवा होता. आम्ही कधी कोणाला विचारलंच नव्हतं की निर्णय कोणत्या महिन्यात होतो. योजना आणखी तीन वर्षं तशीच चालली, आणि तिच्यात नाव घातलेल्या लोकांची तीन वर्षं गेली. ती माझ्या हिशेबात मी धरते.

उशिराची किंमत किती असते ते एका उदाहरणाने सांगते. तान्ह्या बाळाला पालथं झोपवावं असा सल्ला पाश्चात्त्य देशांत १९५० च्या दशकापासून दिला जात होता, डॉक्टरांकडून आणि लोकप्रिय पुस्तकांतूनही. पालथं झोपवल्याने झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका वाढतो, हे सांगणारे अभ्यास १९७० पर्यंत झालेले होते. पण ते वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले होते, आणि कोणी एकत्र ठेवून वाचलेच नाहीत. ‘उताणं झोपवा’ ही मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये सुरू झाली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. २००५ साली संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. १९७० मध्येच हे केलं असतं तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून जास्त, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया मिळून किमान पन्नास हजार बाळं वाचू शकली असती. नवा शोध लावायचा बाकी नव्हता. कागद कपाटांत होते, तुमच्या अहवालासारखेच.

आता दुसरी बाजू. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसवली. जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत त्या शिकल्या. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. घरोघरी देखभाल सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत सुमारे ६२ टक्के घट दिसली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापून आला. आशा कार्यकर्त्यांमार्फत तो कार्यक्रम देशभर न्यायचा निर्णय २०११ मध्ये झाला. मधली बारा वर्षं रिकामी नव्हती. शिकलेली बाई इंजेक्शन देऊ शकते का, दुसऱ्या भागांत हे जमेल का, अशा प्रत्येक आक्षेपाला पुन्हा पुन्हा तोंड द्यावं लागलं. तुमचं तर एकच वर्ष झालंय. तुम्ही थकला आहात हे मला कळतंय, पण हात टेकायची वेळ अजून आलेली नाही.

आता कामाचं. तो मोठा अहवाल बाजूला ठेवा आणि त्यातून एकच पान काढा. प्रश्न काय होता, काय सापडलं, ते किती खात्रीचं आहे, आणि म्हणून उद्या नेमकं काय बदलायचं. ‘सर्वंकष प्रयत्नांची गरज आहे’ असलं वाक्य त्यात एकही नको. असल्या वाक्यावर कोणताही अधिकारी सही करू शकत नाही.

पान घेऊन सर्वांत वरच्या माणसाकडे लगेच जाऊ नका. जिच्या टेबलावर टिपण तयार होतं, त्या व्यक्तीला आधी भेटा आणि विचारा : पुढचा निर्णय कधी आहे, तुमच्या मनात कोणती शंका आहे, कोणता आकडा मिळाला तर तुमचं काम सोपं होईल? मी हे शिकायला फार वर्षं घेतली. शिकल्यावर मात्र अभ्यास सुरू करायच्या आधीच त्या टेबलापाशी जाऊन बसायला लागले, आणि माझे अहवाल वाचले जाऊ लागले.

योजना चालत नाही, हे सांगायचं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅम्पबेल यांनी १९६९ मध्येच लिहून ठेवलं होतं की अधिकारी एखाद्या विशिष्ट योजनेच्या यशाशी स्वतःला बांधून घेतात आणि मग खरं ऐकूच शकत नाहीत. त्यांनी समस्येच्या गांभीर्याशी बांधून घ्यायला हवं. एक उपाय चालला नाही तर दुसरा करून पाहू, असं सांगता यायला हवं. तेव्हा तुमच्या पानावर ‘योजना फसली’ असा मथळा देऊ नका. समस्या कायम आहे, यापैकी एवढा भाग उपयोगी पडत नाही, त्याऐवजी हे दोन पर्याय करून पाहता येतील, असं लिहा. समोरच्या माणसाला मागे वळायला वाट ठेवा. खोटं मात्र एक अक्षरही लिहू नका, आणि आकडा गोड करू नका.

ज्या घरांत तुम्ही तीन वर्षं प्रश्न विचारत फिरलात, तिथेही ते पान वाचून दाखवा. त्यांच्याकडून घेतलेलं आहे ते. अनेकदा ‘असं का झालं’ याचं उत्तर तिथेच मिळतं, आणि खात्याला दुसऱ्यांदा भेटताना ते हाती लागतं.

पान तयार झालं की मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. मी शेरे मारून परत पाठवीन. फक्त वरच्या कोपऱ्यात, तुमच्या संस्थेच्या नावाच्याही आधी, पुढचा निर्णय कोणत्या महिन्यात आहे ते लिहिलेलं असू द्या.